हातांनी घडविलेली रणभूमी

युद्ध म्हटले की सेनापती, सैन्य आणि शस्त्रास्त्रे यांचेच चित्र प्रथम डोळ्यांसमोर उभे राहते. ज्या जमिनीवर हे सारे घडते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः टेकडीचा चढ, नदी ओलांडण्याची जागा, गावकुसाची भिंत आणि शेतातील उभे पीक यांनी इतिहासातील अनेक लढायांचे पारडे फिरविले आहे. जमीन कोणाच्याच बाजूची नसते. परंतु जो तिला अधिक चांगले ओळखतो, त्याच्या ती उपयोगी पडते. या साध्या सत्याची प्रचीती देणारा एक छंद ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातील अनेक देशांत गेली कित्येक दशके जोपासला जात आहे. टेबलावर सैनिकांच्या लहान प्रतिमा मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळासाठी, म्हणजेच ‘वॉरगेम’साठी, स्वतःच्या हातांनी देखावा घडविणे हा तो छंद होय.

हा खेळ बुद्धिबळाचा दूरचा आप्त म्हणता येईल. मात्र बुद्धिबळाचा पट सदैव सारखाच असतो, तर येथे प्रत्येक डावाची भूमी निराळी. पटावर घरे नसतात. सैनिकांची चाल मोजपट्टीने इंचांत मोजली जाते आणि दैवाचा भाग फाशांवर सोपविला जातो. साधारणतः सहा फूट लांब व चार फूट रुंद टेबल आणि सुमारे २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक, अशी मांडणी विशेष प्रचलित आहे. झाडीत शिरलेल्या तुकडीची गती मंदावते, भिंतीआड उभ्या असलेल्यांना संरक्षण मिळते आणि टेकडीपलीकडचा शत्रू दिसत नाही म्हणून त्याच्यावर मारा करता येत नाही. अर्थात देखावा ही केवळ सजावट नसून तो खेळाच्या नियमांचाच एक दृश्य भाग असतो.

राजवाड्यातून दिवाणखान्यात

या खेळाचा आधुनिक इतिहास प्रशियापासून सुरू होतो, आणि उल्लेखनीय गोष्ट अशी की त्याच्या आरंभीच देखाव्याचा प्रश्न उभा राहिला होता. फॉन राइसवित्झ नावाच्या एका प्रशियन अधिकाऱ्याने वाळूत उंचसखल भूमी घडवून युद्धाचे डाव मांडण्याची पद्धत बसविली होती. राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला ती पाहण्याची इच्छा झाली. वाळूची मांडणी राजासमोर नेणे उचित नव्हे, असे वाटून राइसवित्झने १८१२ मध्ये खणांचे एक भव्य टेबल तयार करून दरबारात सादर केले. त्यावर रस्ते, नद्या, गावे आणि चढउतार दाखविणारे रंगीत चौकोनी तुकडे हवे तसे जुळवून प्रत्येक वेळी नवी रणभूमी रचता येत असे. आजचे छांदिष्ट अशाच सुट्या तुकड्यांचे देखावे करतात. त्यांच्या या पद्धतीचे मूळ दोनशे वर्षांहून अधिक जुने आहे.

राइसवित्झच्या मुलाने १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमावलीत मात्र या टेबलाऐवजी १:८००० प्रमाणाचे नकाशे वापरले. सैन्याच्या प्रशिक्षणासाठी ते सोयीचे ठरले. हा खेळ सामान्यांच्या दिवाणखान्यात आणण्याचे श्रेय इंग्रजी लेखक एच. जी. वेल्स यांच्याकडे जाते. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात त्यांनी खेळण्यातील सैनिक आणि कमानीच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या छोट्या तोफा घेऊन जमिनीवर खेळावयाच्या युद्धाचे नियम दिले. त्यांची पहिली रणभूमी गालिच्यावर ज्ञानकोशाचे जाडजूड खंड रचून उभी राहिली होती! पुढे तिच्यात लाकडी ठोकळे, पुठ्ठ्याची घरे आणि डहाळ्यांची झाडी आली. खऱ्या युद्धापेक्षा हे खोटे युद्ध कितीतरी बरे, असा शांततेचा आग्रहही त्यांनी त्याच पुस्तकात धरला. पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धाला तोंड फुटले, हा दैवदुर्विलास होय.

डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ मधील ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने या छंदाला नवा वाचकवर्ग मिळवून दिला. १९७५ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या ‘गेम्स वर्कशॉप’ या कंपनीने १९८३ पासून ‘वॉरहॅमर’ हा कल्पित विश्वातील युद्धखेळ बाजारात आणला. तिच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकाने एके काळी रिकाम्या दुर्गंधीनाशकाच्या डबीपासून रणगाडा कसा करावा, हेही वाचकांना शिकविले होते. डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजारातील अग्रगण्य शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात या कंपनीचा समावेश झाला. छंदाचा व्यवसाय केवढा मोठा होऊ शकतो, याचे हे उदाहरण होय. आज घरे, भिंती, पडके बुरूज यांचे तयार संच विकत मिळतात आणि त्रिमितीय मुद्रणयंत्रावर ते घरीही छापता येतात. तरीही हातांनी देखावा घडविणाऱ्यांचा वर्ग टिकून आहे. त्यामागे काटकसर आहे, पण केवळ काटकसर नाही.

टाकाऊतून टेकडी

या कलेची सामग्री बहुतांशी घरातच सापडते. टेकडीसाठी थर्मोकोल किंवा त्याहून दाट व गुळगुळीत असा, इमारतींत उष्णतारोधक म्हणून वापरला जाणारा फोम घेतात. त्याचे थर एकावर एक चिकटवून धारदार सुरीने अथवा तापलेल्या तारेने कडा उतरत्या कापतात. तारेने कापताना निघणारा धूर अपायकारक असल्याने खिडक्या उघड्या ठेवणे अगत्याचे असते. त्यानंतर लाकूडकामातील पांढरा गोंद पाण्यात पातळ करून सर्वत्र लावतात आणि त्यावर चाळलेली वाळू भुरभुरतात. हा थर वाळल्याखेरीज फवाऱ्याचा रंग मारला, तर त्यातील द्रावकाने फोम विरघळतो आणि दिवसभराचे श्रम डोळ्यांदेखत वाया जातात.

रंगकामाची रीत सोपी, परंतु परिणामकारक आहे. प्रथम गडद तपकिरी रंगाचा हात द्यावयाचा. तो वाळल्यावर फिका रंग घेऊन कुंचला कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करावयाचा आणि पृष्ठभागावरून हलकेच फिरवावयाचा. अशा वेळी रंग केवळ उंचवट्यांवर बसतो, खाचा काळोख्याच राहतात आणि वाळूचे कण दगडधोंड्यांसारखे भासू लागतात. नदीच्या पात्रावर मध्यभागी गडद व काठाकडे फिका रंग देऊन वर चकचकीत वॉर्निशचे अनेक हात दिले की पाण्याचा आभास निर्माण होतो. एकमेकांभोवती पिळलेल्या तारांचे खोड होते आणि मिक्सरमध्ये बारीक केलेल्या रंगीत स्पंजाची पालवी. (असा मिक्सर पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, हे सांगणे न लगे.) खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलला की पन्हाळी पत्र्याचे छप्पर मिळते. अंड्यांच्या ट्रेचे तुकडे फरशी म्हणून, तर कॉफी ढवळण्याच्या काड्या फळ्या म्हणून उपयोगी पडतात.

पिकलेल्या गव्हाच्या शेतासाठी वापरली जाणारी वस्तू तर भारतीय वाचकांच्या विशेष परिचयाची आहे. ती म्हणजे काथ्याचे पायपुसणे! त्याचे चौकोनी तुकडे कापून टेबलावर ठेवले की सोनेरी धाटांचे दाट शेत उभे राहते. केरळमधील आलप्पुळा येथे १८५९ मध्ये भारतातील पहिला काथ्याचा कारखाना सुरू झाला आणि तेथील पायपुसणी देशोदेशी पोहोचली. घराच्या उंबऱ्यावर ठेवण्यासाठी विणलेला हा काथ्या परदेशी टेबलांवर शेत म्हणून डुलताना दिसावा, हे मोठे गमतीचे आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना यातील काही कृती ओळखीच्या वाटतील. दिवाळीत अंगणात किल्ला करताना दगडविटांच्या राशीवर चिखलात भिजविलेले गोणपाट टाकून कडे उभे करतात आणि मातीवर हळीव अथवा मोहरी पेरून हिरवळ आणतात. पाश्चात्त्य छांदिष्ट चुरगळलेल्या वर्तमानपत्रांवर प्लास्टरमध्ये भिजविलेले कापड पसरून डोंगर करतात आणि गोंदावर कृत्रिम तंतूंचे गवत उभे करतात. दोघांची एकमेकांशी गाठ पडली नसली, तरी डोंगर कसा उभा राहतो हे दोघांनाही हातांनीच उमगले आहे.

सौंदर्य आणि सोय

देखाव्याच्या कारागिराला सतत एक तडजोड करावी लागते. टेकडी जितकी खरी दिसेल, तितके तिच्यावर सैनिक उभे करणे अवघड जाते. नैसर्गिक उतारावरून प्रतिमा घसरतात, म्हणून अनेकजण टेकडीला पायऱ्यांसारखे सपाट टप्पे ठेवतात. नदी खणून काढावयाची, तर सारे टेबलच जाड करावे लागते. म्हणून बहुधा पात्र टेबलाच्या पातळीवर ठेवून दोन्ही काठ किंचित उंच करतात. झाडी दाट असावी, पण तुकडी आत शिरताना झाडे उचलता यावीत. घराचे छप्पर खरे दिसावे, पण आत सैनिक ठेवण्यासाठी ते निघावे.

प्रमाणाची अडचण याहून मोठी आहे. सैनिक २८ मिलिमीटरचा धरला, तर एक किलोमीटर लांबीचे शेत दाखविण्यास सोळा-सतरा मीटर लांबीचे दालन लागेल. म्हणून जमिनीचे प्रमाण वेगळे आणि सैनिकांचे वेगळे ठेवावे लागते. दोन-तीन घरे म्हणजे एक गाव, दहा-बारा झाडे म्हणजे एक वन आणि एक सैनिक म्हणजे वीस-तीस माणसे, असा संकेत मानला जातो. सर्व काही दाखविणे शक्य नसल्यामुळे काय ठेवावे आणि काय गाळावे, याचा निर्णय कारागिराला करावा लागतो. देखावा विकत घेणाऱ्याची जी जबाबदारी टळते, ती नेमकी हीच. हातांनी घडविणाऱ्याला मात्र त्या भूमीतील कोणती गोष्ट निर्णायक होती, हे आधी समजून घेणे भाग पडते. ही गोष्ट असईच्या लढाईवरून चांगली स्पष्ट होते.

असईची दोन गावे

आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजांचे सैन्य आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांची संयुक्त फौज यांच्यात लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आला. मराठ्यांच्या बाजूला कवायती पलटणी, शंभरच्या आसपास तोफा आणि प्रचंड घोडदळ होते. संख्येने इंग्रज कितीतरी कमी होते. मध्ये केळणा नदी होती आणि ती ओलांडण्यास जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांचे म्हणणे होते. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तेव्हा नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे त्याच्या दृष्टीस पडली. इतकी जवळची गावे एकमेकांशी ये-जा केल्याशिवाय राहणार नाहीत, तेव्हा तेथे नदी ओलांडण्याची वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्याने केला. तो खरा ठरला. त्या वाटेने सैन्य पलीकडे नेऊन तो केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंद्यांच्या फौजेच्या बगलेवर येऊन उभा राहिला.

तरीही विजय सहज मिळाला नाही. कवायती पलटणींनी तत्परतेने आपली फळी फिरवून त्याच्यासमोर उभी केली आणि मराठ्यांच्या तोफांनी इंग्रजांची भयंकर हानी केली. अनेक गोलंदाज अखेरपर्यंत आपल्या तोफांपासून हटले नाहीत. इंग्रजांच्या बाजूला मृत व जखमींची संख्या दीड हजारांवर गेली.

ही लढाई युद्धखेळ खेळणाऱ्यांच्या आवडीची आहे. ती टेबलावर मांडू पाहणारा कारागीर जर सैनिकांच्या गणवेशांतच रमला आणि नदीकाठची ती दोन गावे ‘किरकोळ’ म्हणून गाळून बसला, तर नदी ओलांडण्याची खूणच नाहीशी होते आणि लढाईचा अर्थच हरपतो. शिवाय बाजारात मिळणारी इंग्लंडच्या कुरणांची पोपटी हिरवळ येथे कामाची नाही. येथे मराठवाड्याची काळी जमीन हवी, पावसाळ्याच्या अखेरीचे गढूळ पाणी हवे आणि मातीच्या भिंतींची, सपाट धाब्याची घरे हवीत. उतरत्या कौलांची युरोपीय घरे संचांत सहज उपलब्ध असतात. धाब्याचे घर मात्र बहुधा स्वतःच घडवावे लागते. सुदैवाने ते सोपे आहे. फोमच्या चौकोनी ठोकळ्यावर वाळूमिश्रित गोंदाचा गिलावा केला की भिंत तयार होते. परंतु तो गिलावा करण्यापूर्वी तेथील गाव कसे असते, याची चौकशी कारागिराला करावीच लागते.

सायबोर्नचा ताळेबंद

अशी चौकशी अखेरपर्यंत नेली तर तिचे मोल किती पडते, हे याच वेलिंग्टनच्या दुसऱ्या एका लढाईच्या प्रतिकृतीवरून कळते. १८१५ मधील वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती तयार करण्याचे काम १८३० मध्ये विल्यम सायबोर्न या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. ही प्रतिकृती खेळासाठी नव्हती, संग्रहालयासाठी होती. परंतु आजच्या देखावा-कारागिरांपुढील प्रत्येक प्रश्न सायबोर्नपुढेही उभा राहिला होता.

पहिला प्रश्न जमिनीचाच होता. विजयाचे स्मारक म्हणून १८२६ मध्ये तेथे मातीचा एक प्रचंड उंचवटा उभारण्यात आला आणि त्यासाठी लागलेली माती रणक्षेत्रावरूनच खणून काढण्यात आली. परिणामी, ज्या धारेच्या आडोशाने वेलिंग्टनचे सैन्य उभे होते, तिचा काही भाग नाहीसा झाला होता. सायबोर्न सुमारे आठ महिने त्या परिसरातील एका शेतवाडीत मुक्काम ठोकून मोजणी करीत राहिला. त्यानंतर त्याने लढाईत भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून, त्यांच्या तुकड्या संध्याकाळी सातच्या सुमारास कोठे होत्या आणि त्यांच्यासमोरच्या शेतांत कोणती पिके उभी होती, याची माहिती मागविली. शेकडो उत्तरे आली. त्यांतील निवडक पत्रे पुढे १८९१ मध्ये त्याच्या मुलाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

एका मैलास नऊ फूट या प्रमाणात घडविलेली ही प्रतिकृती सुमारे चारशे चौरस फुटांची झाली आणि तिच्यावर सत्तर हजारांहून अधिक धातूचे सैनिक मांडण्यात आले. जमिनीच्या प्रमाणात सैनिक केले असते, तर ते जेमतेम तीन मिलिमीटरचे झाले असते. म्हणून त्यांना मोठे करावे लागले. टेबलावरची तडजोड येथेही सुटली नाही.

दुर्दैवाने १८३३ मध्ये सरकारने निधी थांबविला. सायबोर्नने काम सोडले नाही. वर्गणी, उसनवारी आणि स्वतःची पुंजी यांवर त्याने ते तडीस नेले. एकूण खर्च सुमारे तीन हजार पौंड, म्हणजे त्या काळी फार मोठी रक्कम होती. १८३८ मध्ये लंडनच्या पिकॅडिली भागातील ‘इजिप्शियन हॉल’मध्ये प्रतिकृती मांडण्यात आली, तेव्हा एक शिलिंग प्रवेशमूल्य देऊन सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली. वीस शिलिंगांचा एक पौंड या हिशेबाने पाच हजार पौंडांची जमा दिसते. परंतु सायबोर्नच्या हाती त्याचा लाभ लागला नाही आणि घातलेले पैसे त्याला अखेरपर्यंत परत मिळाले नाहीत. भरीस भर म्हणून, प्रशियाचे सैन्य रणांगणावर नेमके कधी व कोठवर पोहोचले होते, याविषयी त्याने पत्रांवरून काढलेले निष्कर्ष आणि वेलिंग्टनचे अधिकृत निवेदन यांत अंतर पडले. राष्ट्रपुरुषाच्या शब्दाविरुद्ध एका कनिष्ठ अधिकाऱ्याची मोजणी उभी राहिली आणि त्याला वरिष्ठांची नाराजी सोसावी लागली. १८४९ मध्ये, वयाची साठीही न गाठता, त्याचे निधन झाले.

रुपये-आणे-पैच्या दृष्टीने हा ताळेबंद तोट्याचाच म्हणावा लागेल. छंदापायी कोणी इतके कर्ज करावे, असे कोणीही सुचविणार नाही. फोमचा तुकडा, गोंदाची डबी आणि जुने पायपुसणे एवढ्यावर सुरू होणाऱ्या छंदात तशी गरजही पडत नाही. मात्र सायबोर्नच्या श्रमांतून जे उरले, त्याचा विचार केल्यावाचून हिशेब पूर्ण होत नाही. खऱ्या रणक्षेत्रावरील ती धार खणली गेली ती गेलीच. तिचा मूळचा चढउतार आणि त्या संध्याकाळची शेते मात्र एका माणसाने घडविलेल्या त्या मांडणीत टिकून राहिली.

ही प्रतिकृती आज लंडनच्या चेल्सी भागातील राष्ट्रीय लष्कर संग्रहालयात आहे. त्याच लढाईची त्याने केलेली दुसरी प्रतिकृती लीड्स येथील ‘रॉयल आर्मरीज’ या शस्त्रसंग्रहालयात आहे. कामानिमित्त अथवा मुलाबाळांना भेटण्यासाठी लंडनला जाण्याचा योग आल्यास वाचकांनी ती अवश्य पाहावी. हजारो सैनिक पाहून झाल्यावर क्षणभर त्यांच्या पायांखालच्या जमिनीकडेही पाहावे.